आहेर नको, जामीनदार आणा

मंगळवारी आमच्या मजल्यावरचे काका कोर्टात जाऊन आले. चेक न वटल्याची केस, कलम १३८. सत्तरी उलटल्यावर माणूस पहिल्यांदा ‘आरोपी’ झाला. साडेदहापासून बाकावर बसून होते. साडेबाराला चहाला खाली उतरले आणि नेमका तेव्हाच शिपायाने पुकारा केला. वर येईतो वॉरंट! जामीनपात्र होते, म्हणून रात्री घरी जेवले. ‘‘आधी कुणाला विचारायचं नाही का?’’ म्हटले, तर त्यांनी कपाटातून समन्स काढून पुढे केले. ‘‘यात कुठे लिहिलंय?’’

त्याच कपाटात नातीची लग्नपत्रिका होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा, कार्यालयासमोरचा पेट्रोलपंप, बसचा थांबा, जेवणाची वेळ, शिवाय तळाला ‘कृपया आहेर आणू नये’. ज्याला अक्षता टाकून जेवायचे, त्याची एवढी काळजी. ज्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्याला नाव, कलम आणि ‘सकाळी ११ वाजता’. अकरा वाजता तर बोर्डावरच्या सगळ्यांनाच बोलावलेले असते!

म्हणून समन्सच्या तळाला छापायच्या ओळी मीच देतो. पुकारा होईपर्यंत दार सोडू नये. आधारकार्ड, फोटो आणि जामीनदार बरोबर आणावा. येणे अशक्य असेल तर वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज द्यावा. ‘गुन्हा कबूल आहे का?’ विचारले की ‘द्यायचेत हो पैसे, साहेब’ असे गाऱ्हाणे सुरू करू नये. कबूल की नाकबूल, ते आधी वकिलाशी बोलून ठरवावे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर फोन करावा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

आता माझे जुने रडगाणे. खालच्या कोर्टांची भाषा मराठी, असे १९९८ पासून कागदावर आहे. पण ‘जातमुचलका’ (म्हणजे स्वतःच द्यायची लेखी हमी) ऐकून काकांना वाटले, तपासणीत काही दुखणे निघाले!

मी सांगतो म्हणून सोडून द्याल. पण दामोदर प्रभू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच २०१० साली बजावले होते, की चेकच्या केसमध्ये समन्समध्येच आरोपीला कळवा : पहिल्या-दुसऱ्या तारखेला तडजोडीचा अर्ज दिलात, तर वर भुर्दंड न पडता प्रकरण मिटू शकेल. २०२५ मध्ये ही सवलत आणखी लांबवली. काकांना मिटवायचेच आहे, पैसेही तयार आहेत. त्यांच्या समन्सवर ती ओळ नाही.

छपाईचे काम एकदा पत्रिकावाल्यांकडे द्याच. ‘अगत्य येण्याचे करावे’ हे दोन्हीकडे सारखेच आहे. फक्त लग्नाला न गेल्यास यजमान रुसतात, इथे पोलीस घरी येतात.

— तारीखकर