एरोबिक्स करा, पण आजार लपवू नका



आता काही वस्त्यांत बुद्ध विहाराच्या सभागृहात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी महिलांचे एरोबिक्सचे वर्ग भरतात. ही चांगली गोष्ट आहे. “दिवसभर राबतेस, तुला आणखी व्यायाम कशाला?” असे विचारणारे घरोघर आहेत. त्यांना सांगा, राबण्याने कंबर आणि गुडघे झिजतात. ठेक्यावरच्या या व्यायामाने हृदय आणि फुप्फुसे बळकट होतात. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास पुरेसा आहे.

मात्र वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी आपला आजार शिकविणाऱ्या ताईंना सांगा. आपल्याकडे नेमके हेच होत नाही. विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. पण मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरचे तो झाकतात. अतिश्रम झाले, अंगातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. मैत्रिणींच्या बरोबरीने उड्या मारणाऱ्या त्या मुलीचा जीव आपल्या गप्प बसण्याने धोक्यात येतो. डॉक्टरांना विचारा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, मध्ये मध्ये विसावा घ्या. ताईंनीही ही गोष्ट चारचौघांत बोलू नये. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. आजाराची लाज कसली?

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. पिशवीत साखर ठेवावी. दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर तोंडात टाकून बसावे. रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी. थोड्या श्रमाने धाप लागत असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

वर्गात सुरुवातीची पाच-दहा मिनिटे सावकाश हालचाल करा. शेवटीही एकदम थांबू नका, वेग हळूहळू कमी करा. गुळगुळीत फरशीवर चपला किंवा नुसते मोजे नकोत, बूट घाला. ओढणी, पदर घट्ट खोचा. गुडघे दुखत असतील तर उड्या टाळा, एक पाय कायम जमिनीवर ठेवा. व्यायाम करताना बोलता आले पाहिजे. बोलतानाही धाप लागली तर वेग कमी करा.

सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करून करून पाय रक्ताळून घेतले होते. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचा दृष्टांत दिला: तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. शेजारणीची तार वेगळी, आपली वेगळी.

छातीत दुखले, कळ हातात किंवा जबड्यात गेली, चक्कर आली तर जागीच थांबा. “होईल बरे” म्हणत बसू नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. वर्ग भरविणाऱ्या महिला मंडळांनी हा क्रमांक आणि प्रत्येकीच्या घरचा फोन नंबर एका वहीत लिहून ठेवावा. चळवळीला निरोगी बाया हव्या आहेत.

जय भीम!