शिकेकाई, बिब्बा आणि चहा-पोळी

शिकेकाई ही काटेरी, मोठ्या झाडांच्या आधाराने चढत जाणारी वनस्पती पश्चिम घाटाच्या जंगलांत आपोआप वाढते. नाव दक्षिणेकडून आले. कन्नडमध्ये ती सीगेकायि, तमिळमध्ये सीयक्काय; यातल्या ‘काय’चा अर्थ शेंग किंवा कच्चे फळ. या शेंगांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. म्हणून केसांवरचा तेलकट मळ सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. रिठ्यात सॅपोनिन शिकेकाईपेक्षा जास्त. सोनार दागिने उजळायला रिठ्याचे पाणी वापरतात, रेशमी साड्याही त्यातच धुतल्या जात. डोक्याला मात्र नुसता रिठा फार कोरडा पडतो आणि डोळ्यांत गेला तर विचारायलाच नको. म्हणून शिकेकाईत थोडा रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कापूरकाचरी, मूठभर मेथ्या घालून सगळे रात्री भिजवायचे आणि सकाळी उकळून गाळायचे, अशी घरगुती रीत होती. रोजची ती अंघोळ आणि डोक्यावरून घ्यायचे ते न्हाणे, हा फरक भाषेने जपला तो बहुधा या खटाटोपामुळे.

शिकेकाईच्या पाण्याचा सामू (पीएच) किंचित आम्लधर्मी असतो. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामूही साधारण ५ च्या आसपास असतो. अंगाच्या साबणाचा ९ ते १० असतो. अल्कधर्मी पाण्यात केसावरची खवल्यांची बाहेरची साल उघडते, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. साबणाने केस धुतले की ते चरबट लागतात, त्याचे कारण एवढेच. शाम्पूचे तसे नाही. बहुतेक शाम्पूंचा सामू साबणापेक्षा बराच खाली ठेवलेला असतो, त्यामुळे शाम्पू म्हणजे विष आणि शिकेकाई म्हणजे अमृत ही मांडणी रसायनशास्त्राला मान्य होण्यासारखी नाही. खुद्द ‘शाम्पू’ हा शब्दही इकडचाच, चंपीच्या घराण्यातला. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढले आणि तिथे अंग चेपून देण्याला हे नाव रूढ केले. केस धुण्याच्या द्रवाला ते पुढे चिकटले.

तेलाबद्दल पहिली गोष्ट अशी की केसाचा डोक्याबाहेर दिसणारा भाग मृत असतो. तो केराटिन या प्रथिनाचा धागा आहे. त्याला ‘खुराक’ देता येत नाही; फार तर त्याची झीज थांबवता येते. हे काम खोबरेल चांगले करते. त्यात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते आणि त्याचा सरळ, आखूड रेणू केसाच्या आत शिरतो. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसांतून निघून जाणारे प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाले. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही लक्षात ठेवलेले बरे.) यातून वापराची वेळ ठरते. पाण्याने केस फुगतो आणि वाळताना आकसतो. हा ताण कमी करायचा तर तेल न्हाण्याच्या आधी लावावे, आदल्या रात्री किंवा तासभर अगोदर. न्हाल्यावर लावलेले तेल मुख्यतः धूळ धरते. कोंडा असेल तर तेल टाळलेलेच चांगले, कारण कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी टाळूवरच्या स्निग्ध पदार्थांवरच जगते.

त्वचेच्या बाबतीत तेल जास्त सरळपणे उपयोगी पडते. नरकचतुर्दशीचे अभ्यंग नेमके हवा कोरडी होऊ लागते तेव्हा येते. तेलाचा पातळ थर त्वचेतला ओलावा उडू देत नाही आणि उटण्यातले पीठ जादा तेल टिपून घेते. देशावर यासाठी तिळाचे तेल, कोकणात खोबरेल. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज सांगितला आहे आणि अजीर्ण असताना तो करू नये असेही सांगितले आहे. पहिले वाक्य जाहिरातींत सापडते, दुसरे सहसा सापडत नाही. वर्षातून एक दिवस उटणे आणि उरलेले दिवस कढत पाण्याच्या बादल्या असा हिशेब असेल, तर थंडीत पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा उठणारच.

‘नैसर्गिक’ या शब्दाची खरी परीक्षा बिब्बा घेतो. आंबा आणि काजू यांच्याच कुळातले हे झाड महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. टरफलातला काळा रस कातडीवर पडला तर फोड येतात, महिनोन्‌महिने डाग राहतात. हाच रस धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरत आणि त्या खुणेखालच्या कातडीला खाज सुटे. त्याच फळातली गोडंबी मात्र डिंकाच्या लाडवात आवडीने खाल्ली जाते. एकाच फळात औषध, विष आणि खाऊ असल्यावर ‘झाडाचे आहे, म्हणजे अपाय नाही’ या समजुतीत बिब्बा पडतोच. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेले तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. शुद्ध मेंदी केसांना तांबूस रंग देते, काळा नव्हे. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि त्याची ॲलर्जी चेहरा सुजवू शकते. हळद आणि चुन्यापासून केलेले कुंकू निराळे आणि टिकलीच्या मागचा डिंक निराळा. त्या डिंकातल्या काही रसायनांमुळे कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना चांगली परिचित आहेत.

हळदीच्या पेटंटचा किस्साही याच संदर्भातला. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तो विजय मोठाच, पण सिद्ध झाले ते हे की हा उपयोग नवा नाही. हळद किती गुणकारी आहे, हा प्रश्न त्या वादात नव्हता.

केस वाढतात ते कातडीखालच्या मुळाशी. तिथे पोहोचण्याचा रस्ता तेलाच्या बाटलीतून जात नाही, रक्तातून जातो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. रोज ५० ते १०० केस जाणे हा या चक्राचाच भाग. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा उपासमारीचे डाएट यांनी एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत ढकलले जातात आणि ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. बाळ हसू-खिदळू लागते त्याच सुमारास आईच्या कंगव्यात पुंजके येतात ते यामुळे. बहुतेकदा पुढच्या काही महिन्यांत केस आपोआप परततात. त्या महिन्यांत जे तेल चालू असते, श्रेय त्याला मिळते. केसांच्या तेलांची निम्मी कीर्ती अशीच जमलेली असावी.

मात्र रक्तातच लोह कमी असेल तर परतीची वाट लांबते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधले रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ च्या फेरीत ते ५४.२ टक्के निघाले. भारतीय शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. शंभर ग्रॅम बाजरीत ते सहा-सात मिलिग्रॅम असते. शिवाय चवळी, मटकी, तीळ, आळीव, पालेभाज्या आहेत. अडचण अशी की वनस्पतींतल्या लोहाचा फार थोडा भाग शरीरात शोषला जातो, आणि तो थोडा भाग किती हे शेजारी काय खाल्ले यावर ठरते.

लोखंडी कढईत आवळ्याची पूड रात्रभर भिजवली की सकाळी ती काळी होते. आवळ्यातले टॅनिन आणि कढईतले लोह यांचे ते संयुग. केस रंगवायला बायका ते पूर्वीपासून लावत आल्या. चहातही अशीच टॅनिनजातीची द्रव्ये असतात. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातल्या लोहाला ती पोटात अशीच धरून बसतात आणि शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकते. चहा-पोळी, चहा-खारी, चहा-बटर ही असंख्य मराठी घरांतली न्याहारी, शाळकरी मुलांचीसुद्धा. गव्हातले जे काही लोह, ते त्या कपात बुडते. चहा सोडायची गरज नाही. खाणे आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर पडले तरी नुकसान बरेच टळते.

उलट काम क जीवनसत्त्व करते. मराठी ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर वाढतात. वरणभातावर पिळलेले लिंबू डाळीतले लोह शोषायला मदत करते. मटकीच्या उसळीवर पिळलेलेही. डावी बाजू वाढण्याचा कंटाळा सुरू झाला आणि तिची जागा लोणच्याच्या बाटलीने घेतली. तिच्यातून मीठ मिळते, क जीवनसत्त्व जवळपास नाही. वरणभात या जोडीचा दुसरा गुण प्रथिनांचा. तांदळात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी; एकमेकांची उणीव ती भरून काढतात. मेथिओनिनपासूनच शरीर सिस्टीन बनवते आणि केराटिनला बळकटी येते ती सिस्टीनमधल्या गंधकाच्या बंधांनी.

लहान मुले उसळी, पालेभाज्या असे पदार्थ पहिल्या दिवशी खात नाहीत. नवी भाजी स्वीकारण्यापूर्वी ती आठ-दहा वेळा समोर यावी लागते, आणि समोर बसलेली माणसे ती खाताना दिसावी लागतात. मुलासाठी वेगळा मऊ भात आणि स्वतःसाठी मेथीची भाजी, असे दोन स्वयंपाक चालले तर मेथी मुलाच्या ओळखीची होत नाही.

ताटात आज केलेला फरक केसांत दिसायला तीन ते सहा महिने लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तोवर गळणे थांबले नाही, किंवा थकवा आणि धाप जोडीला असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड या तपासण्या डॉक्टरांना विचारून कराव्यात. सुधारणा होत असेल तर ती आधी भांगाशी दिसते: आखूड, बारीक, तेल लावूनही न बसणारे केस.