पावसाळ्याच्या ताटातील टोफू

दरवर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्याला लागूनच श्रावण येतो. ओवे व पनवेल परिसरातील अनेक आगरी-कोळी घरांत या काळात ताजी मासळी दुर्मीळ होते. तिची उणीव सुकी मासळी भरून काढते. परंतु खारवलेल्या मासळीत मीठ फार असते आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ते बाधते. श्रावणात तर तीही बंद होते. मग घरातील वृद्धांच्या ताटात उरतो तो भात आणि पातळ वरण.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दररोज प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. ती सतत अपुरी पडल्यास स्नायू क्षीण होतात, वृद्धांचा तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो. अशा वेळी टोफू उपयोगी पडतो. त्यातील पाण्याच्या प्रमाणानुसार १०० ग्रॅम टोफूतून साधारण ८ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतात.

सोयाबीन आपल्याला परके नाही. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे आहारप्रयोग करविले. आज मराठवाडा-विदर्भात ते विपुल पिकते; मात्र त्यातील बहुतांश तेल आणि पेंडीसाठी जाते.

घरी टोफू करण्यासाठी पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवावे. सकाळी चोळून साले काढावीत, दाणे दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावेत व मग वाटावेत. त्यामुळे उग्र वास बराच कमी होतो. एकूण दोन लिटर पाणी वापरून हे वाटण फडक्यातून गाळावे. मिळालेले दूध सतत ढवळत दहा-पंधरा मिनिटे उकळावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात, म्हणून येथे घाई करू नये. आच बंद करून पाच मिनिटांनी तीन लिंबांचा रस वाटीभर कोमट पाण्यात मिसळून हळूहळू घालावा. दूध फाटल्यावर फडक्यात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवावे. उरलेला चोथा थालीपिठात घालावा. तो मात्र नीट शिजला पाहिजे.

टोफू बेचव लागतो, ही तक्रार बहुधा त्यातील पाण्यामुळे असते. पनीरसारखी स्निग्धता त्यात नसते आणि पाणी भरलेल्या तुकड्यात मसाला मुरत नाही. म्हणून तो चांगला दाबून, पुसून घ्यावा. मग मासळीला लावतो तसे आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण, हळद, आगरी मसाला, कोकमाचा आगळ आणि बेताचे मीठ लावून अर्धा तास ठेवावा. आगळ खारट असल्यास वेगळे मीठ घालू नये. तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावा. आंबटपणा पुरेसा असला की मिठाची ओढ आपोआप कमी होते. तळलेले तुकडे मासळीच्या कालवणाच्या रश्श्यात अखेरीस सोडले तरी रुचकर लागतात.

काही पथ्ये सांगितली पाहिजेत. थायरॉइडची गोळी आणि सोयाबीनचे पदार्थ यांत काही तासांचे अंतर असावे. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनी टोफू टाळावा, तर मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. टोफूत जीवनसत्त्व बी-१२ नसते. त्यासाठी दूध, दही, ताक आहारात ठेवावे. पुरुषांनी सोयाबीन खाल्ल्यास पुरुषत्व कमी होते, ही भीती मात्र निराधार आहे. नेहमीच्या आहारातील प्रमाणाने पुरुषी संप्रेरकांवर परिणाम होत नाही, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

ताजा टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावा, रोज पाणी बदलावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. पहिला तुकडा घरातील आजी-आजोबांच्या ताटात वाढावा. या ऋतूत त्याची सर्वाधिक गरज त्यांनाच असते.