पूल एकाचाच असला की...

आमच्या काळेवाडीतून पिंपरीच्या बाजारात जायचं म्हणजे पवनेवरचा पूल ओलांडायचा. समजा, हा पूल एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने बांधला आणि त्यावर नाका बसवला, तर? टोलबद्दल माझी तक्रार नाही, पैसा त्याचा आहे. पण बाजारात त्याचंही दुकान असेल, त्याचा माल फुकट जात असेल आणि बाकीच्यांनी मात्र टोल भरायचा, तर दाद कुठे मागायची?

गूगल आणि आपल्याकडच्या अ‍ॅप कंपन्या यांचं भांडण मला असंच दिसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या नियमांवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. इतरांना गूगलचीच पेमेंट व्यवस्था सक्तीची, यूट्यूबला मात्र ती नाही, हा त्यातला एक आक्षेप. दुसरी व्यवस्था वापरू द्या, असा आदेश निघाला. गूगलने तो पाळलाही! फक्त १५ ते ३० टक्के कमिशनचं ११ ते २६ टक्के झालं. म्हणजे नाका दुसऱ्याचा, टोल जवळपास तोच.

१ मार्च २०२४ ला कमिशन न भरल्याच्या कारणावरून नोकरी, शादी, भारत मॅट्रिमनी अशी अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली गेली. सरकार मध्ये पडलं आणि काही दिवसांत ती परत आली. त्याच महिन्यात आयोगाने या कमिशनच्या चौकशीचा आदेश दिला. मार्च २०२५ मध्ये अपिलात आधीचा दंड २१६.६९ कोटींवर आला.

मला दंडाच्या आकड्याचं फारसं काही वाटत नाही. काळजी वाटते ती वेळेची. मोठ्या कंपन्यांकडे वकील आहेत, सरकारदरबारी ओळख आहे. पण इथे भाड्याच्या खोलीत दोन-तीन पोरं मिळून अ‍ॅप काढतात, त्यांनी अडीच वर्षं कशाच्या जोरावर थांबायचं? निकाल लागेपर्यंत त्यांचं दुकान उठलेलं असतं.

पूल बांधणाऱ्याने पैसे कमवावेत, जरूर कमवावेत. पण नदीवर दुसरा पूल होऊ शकतो, एवढी भीती त्याला असली पाहिजे. नाहीतर आयोग दंड करत राहणार आणि टोल आपण भरत राहणार.

असो. तुम्हाला काय वाटतं?