९ ते १३ डिसेंबर २०२४: जागतिक बाजारातले आकडे आणि घरात ठेवलेले सोयाबीन

२०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये आहे. बहुतांश बाजार समित्यांत मात्र ४ हजार ते साडेचार हजार रुपयांच्या दरम्यान व्यवहार होत आहेत. त्यामुळे अनेकांनी माल घरात ठेवला आहे आणि "बाहेरचा बाजार कधी सुधारेल?" हा प्रश्न रोज विचारला जातो. ९ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या आठवड्यात बाहेरच्या बाजाराला दिशा देणारे काही महत्त्वाचे आकडे येत आहेत. त्यातला कोणता आकडा आपल्या मालाला लागू पडतो आणि कोणता नुसताच बातमीपुरता आहे, ते पाहू.

डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला बाजार कुठे उभा आहे?

शिकागो वायदा बाजारात सोयाबीन १० डॉलर प्रति बुशेलच्या आसपास आहे. एक बुशेल म्हणजे २७.२ किलो. डॉलरचा दर ८४ रुपये ७० पैशांच्या आसपास धरला, तर हा भाव क्विंटलला साधारण ३१०० रुपये होतो. म्हणजे अमेरिकेतले सोयाबीन आपल्या बाजार समितीतल्या भावापेक्षाही स्वस्त आहे. ते सोयाबीन आपल्याकडे थेट येत नाही, पण त्यापासून बनलेली पेंड जागतिक बाजारात आपल्या पेंडीशी स्पर्धा करते.

दुसरीकडे मलेशियात पामतेल ५ हजार रिंगिट प्रति टनाच्या आसपास, म्हणजे चढ्या पातळीवर आहे. सरकारने १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले.

मग तेल महाग झाले, तरी सोयाबीन का नाही?

एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. समजा, तेल किलोमागे १० रुपयांनी वाढले, तर क्विंटलमागे १८० रुपये वाढतात. पण त्याच वेळी पेंड किलोमागे ३ रुपयांनी उतरली, तर २४० रुपये जातात. शिकागोत सोयापेंड डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला आधीच्या चार वर्षांतल्या नीचांकाजवळ होती. शिवाय देशात मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा स्वस्त चोथा (डीडीजीएस) कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेतो आहे. म्हणून तेलाच्या तेजीची बातमी ऐकून सोयाबीन वाढेलच, असे धरून चालू नका. भाव पेंडीवर अडला आहे.

आठवड्याचे वेळापत्रक

*मंगळवार, १० डिसेंबर:* हा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा दिवस. सकाळी मलेशियाच्या पामतेल मंडळाचे नोव्हेंबरअखेरच्या साठ्याचे आकडे येतील. साठा घटला तर तेलाला आधार मिळेल. त्याच दिवशी चीनची आयात-निर्यात आकडेवारी येईल. जगात निर्यात होणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून जास्त एकटा चीन घेतो, त्यामुळे त्याच्या खरेदीकडे लक्ष असते.

रात्री साडेदहाला अमेरिकेच्या कृषी विभागाचा (यूएसडीए) मागणी-पुरवठा अहवाल येईल. नोव्हेंबरच्या अहवालात अमेरिकेतली सोयाबीन उत्पादकता एकरी ५३.१ वरून ५१.७ बुशेल केली होती. डिसेंबरच्या अहवालात हा आकडा सहसा बदलत नाही. अंतिम आकडा जानेवारीत येतो. त्यामुळे नजर ब्राझीलवर असेल. यूएसडीएने तिथे १६९० लाख टन, म्हणजे विक्रमी पिकाचा अंदाज दिला आहे. हा अंदाज टिकला किंवा वाढला, तर पेंडीवरचा दबाव कायम राहील. ब्राझीलमध्ये काढणी जानेवारीत सुरू होते, हेही लक्षात ठेवा. कापसाचे अमेरिकेतले उत्पादन मात्र या अहवालात बदलू शकते.

*बुधवार, ११ डिसेंबर:* सायंकाळी ७ वाजता अमेरिकेतल्या महागाईचा आकडा. ऑक्टोबरमध्ये तो २.६ टक्के होता. यावरून १७-१८ डिसेंबरच्या बैठकीत अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर कमी करील का, याचा अंदाज बाजार बांधेल. दर कपातीची आशा मावळली तर डॉलर वधारतो आणि रुपया घसरतो. कमजोर रुपयामुळे आयात तेल महाग होते आणि पेंड निर्यातीला थोडी मदत होते. पण आयात खतही महाग पडते. डीएपीची बॅग १३५० रुपयांनाच मिळायला हवी, त्यामुळे हा फटका बॅगेच्या किमतीत नाही, तर टंचाईत दिसतो.

*गुरुवार, १२ डिसेंबर:* आपल्या देशातल्या किरकोळ महागाईचा आकडा. ऑक्टोबरमध्ये ती ६.२१ टक्के होती आणि भाजीपाल्याची महागाई तर ४२ टक्क्यांवर गेली होती. कांदा उत्पादकांनी हा आकडा जरूर पाहावा. महागाई चढी राहिली, तर डिसेंबर २०२४ मध्ये कांद्यावर असलेले २० टक्के निर्यात शुल्क लवकर हटण्याची शक्यता कमी. खाद्यतेलाची महागाई फार वाढली, तर आयात शुल्क उतरवण्याची मागणीही जोर धरू शकते. त्याच दिवशी युरोपीय मध्यवर्ती बँकेची बैठक आहे. आपल्या मालावर तिचा थेट परिणाम नगण्य.

रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबरला रेपो दर साडेसहा टक्क्यांवरच ठेवला. पीककर्जाचा सवलतीचा व्याजदर त्यावर हलत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको.

आता काय करावे?

माझ्या मते, या आठवड्यातल्या कोणत्याही एका आकड्याने बाजारभाव हमीभावापर्यंत पोचण्याची शक्यता कमी आहे. म्हणून:

१. हमीभाव केंद्राला पहिली पसंती द्या. नोंदणी केली नसेल तर लगेच करा आणि मुदत केंद्रावर विचारून घ्या. २०२४-२५ च्या हंगामापुरती केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचे सोयाबीन घेण्यास परवानगी दिली होती. तरीही माल वाळवून, चाळणी करूनच न्या. काडीकचऱ्यामुळे माल परत येतो.

२. रब्बीसाठी पैशांची निकड असेल आणि केंद्रावर नंबर लांब असेल, तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते.

३. साठवणुकीचा खर्च मोजा. ४२०० रुपये भाव धरला, तर तारण रकमेवर ६ महिन्यांचे व्याज क्विंटलमागे सुमारे ९५ रुपये. ओलावा १२ वरून १० टक्क्यांवर आला तर सव्वादोन किलो वजन घटते, म्हणजे आणखी ९० ते ९५ रुपये. भाव १९० रुपयांनी वाढला तरी तुम्ही जागच्या जागीच. हमाली आणि वाहतूक वेगळी.

४. तरीही थांबायचे असेल, तर सगळा माल एका डावावर लावू नका. काही माल आता विका, काही ब्राझीलची काढणी सुरू होण्यापूर्वी. पुढच्या खरिपाच्या बियाण्याचा माल तेवढा वेगळा काढून, कोरड्या जागी, पोत्यांची उंच थप्पी न लावता ठेवा.

कृषी सहायक आणि गटप्रमुखांना विनंती: बुधवारी सकाळी यूएसडीएचे आकडे गटावर टाकताना सोबत आपल्या केंद्रावर किती नोंदणी झाली आणि किती माप झाले, तेही टाका. या आठवड्यात शेतकऱ्याला शिकागोच्या भावापेक्षा त्या माहितीचा जास्त उपयोग होईल.