हिरवं दिसतंय म्हणजे जंगल आहे का? महाड-पोलादपूरचे डोंगर आणि उपग्रह

माझं गाव पोलादपूर तालुक्यात. एका जानेवारीत घरी गेलो, तर समोरच्या उतारावरची ऐन-किंजळीची झाडं तोडलेली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो, तर तोच उतार हिरवागार! बाबा म्हणाले, "पावसाळ्यात दगडपण हिरवा होतो रे."

उपग्रहातून जंगल मोजताना नेमकी हीच गोची होते.

आधी हे काम कसं चालतं ते बघू. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय मिळतो. आकडा १ च्या जेवढा जवळ, तेवढी हिरवळ दाट. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी आणि फुकट मिळतात. त्यातला एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबात जवळपास एक गुंठा.

पण एनडीव्हीआयला झाड आणि गवत यातला फरक कळत नाही. म्हणून एकाच तारखेचं चित्र बघून निष्कर्ष काढायचा नाही. नोव्हेंबर आणि एप्रिल, दोन्ही बघायचे. गवताचा उतार नोव्हेंबरात हिरवा आणि एप्रिलात पिवळा. सदाहरित झाडी दोन्ही वेळा हिरवी. पानगळीची झाडं मधेच कुठेतरी. आणि वर्षांची तुलना करताना महिना तोच ठेवायचा, नाहीतर साधी पानगळसुद्धा जंगलतोड वाटेल.

आता सरकारी आकड्यांकडे येऊ. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. त्यांच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांचं छत्र १० टक्क्यांहून जास्त असलं की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कोणतं, हे बघितलं जात नाही. म्हणजे आंबा-काजूची बागही त्यात मोजली जाते. उलट ४० गुंठ्यांवरची तोड या मापात हरवू शकते, कारण एक हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे. जिल्ह्याचा आकडा स्थिर राहतो, उतार मात्र बोडका होतो.

हे आमच्याकडे जिव्हाळ्याचं का? २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळीये गावावर दरड कोसळली, ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. प्रत्येक दरड झाडतोडीमुळेच येते असं मुळीच नाही. प्रचंड पाऊस आणि तीव्र चढ ही मोठी कारणं. पण मुळं मातीचा वरचा थर धरून ठेवतात. गवत तेवढं धरत नाही.

दुसरी अडचण ढगांची. जून ते सप्टेंबर सेंटिनेल-२ ला इथे बहुतेक वेळा पांढरा कापूसच दिसतो. तिथे रडार कामाला येतं. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सुटला. त्याच्या एल-बँडच्या साधारण २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरी ढगातून आणि पानांतून आरपार जाऊन फांद्या-खोडांपर्यंत पोचतात. तीच जागा तो दर १२ दिवसांनी बघतो. मात्र सह्याद्रीच्या कड्यांमागे रडारचीही सावली पडते, त्यामुळे तोही सगळं दाखवेल असं नाही.

आणि कुठलाही उपग्रह झाडं कोणी तोडली, परवानगी होती का, हे सांगत नाही. त्यासाठी तोडीच्या परवानग्या गट नंबरासकट नकाशावर उघड टाकायला हव्यात. मग चित्रातला बदल आणि परवानगी यांची जुळणी एखादी छोटी स्क्रिप्टही करेल. प्रोग्रामर म्हणून सांगतो, हे काम अवघड नाही.

तोवर कोपर्निकस ब्राउझर उघडा, आपला डोंगर शोधा, यंदाचा आणि पाच वर्षांपूर्वीचा एप्रिल शेजारी ठेवा. फरक दिसला, तर आधी तिथे चालत जाऊन या. मगच ग्रामसभेत बोला.