रंग बघून नाही, मोजून जोडा: कार स्टिरिओच्या धंद्यातली खरी कमाई



कार अ‍ॅक्सेसरीजचं छोटं दुकान टाकायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, "माल कुठून उचलू?" दुसरा येतो, "मार्जिन किती सुटेल?" माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा: डॅशबोर्ड उघडल्यावर समोर आलेली वायर कोणती, हे तुम्हाला खात्रीनं सांगता येतं का? येत नसेल, तर दुकान मालानं भरलं तरी धंदा फार दिवस टिकणार नाही.

आपण धामापूरचं उदाहरण घेऊ. कुडाळ-मालवण रस्त्यावरचं गाव. इथला जुना तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला. तलाव बघायला येणारे, पुढे मालवण-तारकर्लीला जाणारे, सगळे याच रस्त्यानं जातात. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, त्यामुळे टुरिस्ट गाड्या आहेत. गावातल्या घरगुती गाड्या आहेत. गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या गाड्या येतात. म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण हे गिऱ्हाईक आज स्टिरिओ ऑनलाइन मागवतं आणि बॉक्स हातात घेऊन तुमच्याकडे येतं. "फक्त बसवून द्या." मालातलं मार्जिन गेलं. उरलं काय? वायर ओळखण्याचं ज्ञान. ते बॉक्समधून येत नाही. तोच तुमचा खरा माल आहे.

रंगांच्या तीन भाषा

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायम सप्लाय. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा सप्लाय. काळी म्हणजे अर्थ. निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायर चालू करण्यासाठी, नारिंगी पार्किंग लाइटसोबत डिस्प्ले मंद करण्यासाठी. स्पीकरमध्ये पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती त्या स्पीकरची मायनस.

हे पाठ करा. पण ही झाली स्टिरिओची भाषा. गाडीची भाषा वेगळी असते आणि ती प्रत्येक कंपनीची आपापली. जर्मन गाड्यांमध्ये अर्थची वायर तपकिरी असते. म्हणजे पोलोच्या डॅशबोर्डमध्ये "काळी कुठाय?" म्हणून शोधत बसलात तर चुकीच्या वायरवर हात पडणार. लालला लाल आणि काळीला काळी जोडणं हे काम नव्हे, तो जुगार आहे.

तिसरी भाषा घराच्या वायरिंगची. आपल्याकडे गावातले बरेच जण घरगुती वायरमनचं काम शिकून या धंद्यात येतात. चांगली गोष्ट आहे, हात बसलेला असतो. पण घरात हिरवी म्हणजे अर्थिंग, हे डोक्यात पक्कं असतं. स्टिरिओची हिरवी बॉडीला लावली तर तुम्ही मागच्या डाव्या स्पीकरचं आउटपुट थेट अर्थ केलंत. आजच्या स्टिरिओंमध्ये स्पीकरची प्लस आणि मायनस दोन्ही टोकं चालू असतात, त्यातलं एकही टोक अर्थला लावायचं नसतं. लावलं तर आतला आयसी जाऊ शकतो. स्टिरिओ गिऱ्हाइकाचा, भरपाई तुमच्या खिशातून.

मोजायचा क्रम

एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सळई गाडीच्या रंग नसलेल्या उघड्या लोखंडाला. आता क्रमानं चला.

१. चावी काढलेली. ज्या वायरवर १२ व्होल्टच्या आसपास दिसतं, तो कायम सप्लाय.

२. चावी अ‍ॅक्सेसरीवर. आधी शून्य होतं आणि आता १२ आलं, ती स्विचची वायर. चावी बंद केल्यावर परत शून्य होते का, हेही बघाच.

३. पार्किंग लाइट लावा. ज्या वायरवर आता सप्लाय आला, ती डिस्प्लेच्या उजेडाची.

४. मग अर्थ. हा क्रम मुद्दाम आहे. लाइट बंद असताना उजेडाची वायर बल्बच्या फिलामेंटमधून अर्थपर्यंत पोचलेली असते, त्यामुळे ओहमवर मोजली तर ती अर्थसारखीच वाटते. नवशिका तिलाच काळी वायर जोडतो. दिवसा गाणी छान वाजतात, रात्री लाइट लावले की फ्यूज उडतो! म्हणून ती आधी ओळखून बाजूला ठेवा. त्यानंतर, जिच्यावर सप्लाय नाही आणि बॉडीशी जवळजवळ शून्य ओहम दाखवते, ती अर्थ.

५. स्पीकरची जोडी साधारण ३ ते ४ ओहम दाखवते. स्टिरिओ सुटा असताना त्या जोडीला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कुठला स्पीकर टकटक करतो ते कळेल. पडदा बाहेर आला तर सेलची प्लस बाजू ती स्पीकरची प्लस. एक स्पीकर उलटा जोडला तर आवाज येतो, पण बेस मरतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं स्टिरिओच भंगार आहे.

आता दोन गोष्टी जिथे हात आवरायचा. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. तिथे मीटर नाही, टेस्ट लॅम्प नाही, काहीच नाही. आणि नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये चावीचा सप्लाय वेगळ्या वायरनं येतच नाही, तो डेटा वायरवरून संदेश म्हणून येतो. तिथे कॅन-बसचा डबा लागतो. "सापडत नाही" म्हणून फ्यूज बॉक्समधून कुठूनतरी सप्लाय ओढू नका. मोजून झालं की जोडण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा.

एका वायरची किंमत

नवीन मुलं एक शॉर्टकट मारतात. पिवळी आणि लाल एकत्र करून कायम सप्लायला. स्टिरिओ चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण लाल वायरवर सतत सप्लाय असल्यामुळे स्टिरिओला गाडी बंद झाल्याचं कळतच नाही. समजा अँड्रॉइड स्टिरिओ झोपला नाही आणि अर्धा अँपिअर खात राहिला. दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. तीन दिवससुद्धा पुरणार नाही.

आता ही गाडी टुरिस्टवाल्याची असेल तर? सकाळी चिपी विमानतळाचं भाडं आहे आणि फोन येतो, "काल टेप बसवलंस आणि आज गाडी चालूच होणा नाय." त्याचं भाडं गेलं, मोसमातला दिवस गेला. आणि तुमचं काय गेलं? मुंबईत एक गिऱ्हाईक तुटलं तर दहा नवी येतात. इथे धामापूर, काळसे, चौके, सगळे एकमेकांना ओळखतात. एक बातमी संध्याकाळपर्यंत तिन्ही गावांत पोचते. म्हणून गाडी देण्याआधी चावी काढून, दारं लावून, थोडं थांबून मीटरनं करंट मोजा. पूर्ण गाडीचा मिळून साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. मीटर जोडलेला असताना गाडी मात्र स्टार्ट करू नका.

कोकणाची आणखी एक अट आहे. खारी हवा आणि चार महिने पाऊस. पिळून टेप गुंडाळलेला जोड इथे टिकत नाही. टेपचा गोंद उन्हात सुटतो, तांबं हिरवं पडतं. क्रिंप किंवा सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक नळी चढवा. त्याहून बरं म्हणजे कंपनीची वायर कापूच नका, त्या गाडीचा कपलर मागवा. उद्या गाडी विकायची असेल तर जुना स्टिरिओ परत बसवता येतो. पण कपलर लावला तरी मोजाच. काही कपलरमध्ये पिवळी आणि लाल यांची जागा अदलाबदल झालेली असते.

मग पैसे कसे मागायचे?

तुम्ही म्हणाल, "सर, पलीकडचा निम्म्या मजुरीत बसवून देतो." देऊ दे. तो बसवतो, तुम्ही तपासून बसवता. हा फरक गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे, नाहीतर तो पैसे का देईल? बिलावर दोन ओळी वेगळ्या लिहा: वायर तपासणी आणि फिटिंग. सोबत एक छोटी चिठ्ठी द्या: गाडीचं मॉडेल, कुठली वायर कशाला जोडली, फ्यूज किती अँपिअरचा, गाडी बंद असताना करंट किती. त्याचीच एक प्रत तुमच्या वहीत. पन्नास गाड्यांनंतर ती वही तुमची सगळ्यात मोठी मिळकत असेल. तेच मॉडेल परत आलं की तासाचं काम अर्ध्या तासात होतं, आणि ती वही कुणी ऑनलाइन मागवू शकत नाही.

आणि कर्जाचं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. ते मिळालं की पहिल्याच दिवशी स्टिरिओचे बॉक्स भरू नका. दर वर्षी नवं मॉडेल येतं, जुना माल पडून राहतो. आधी मल्टीमीटर, क्रिंपिंग प्लायर, सोल्डर गन, ट्रिम काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, चार-पाच चालणाऱ्या गाड्यांचे कपलर. एवढ्यावर काम सुरू होतं. हप्ता मजुरीतून फिटतो का ते बघा, मग माल.

या आठवड्याचं काम: एक मीटर घ्या आणि स्वतःच्या किंवा मित्राच्या गाडीचा स्टिरिओ बाहेर काढा. काहीही न कापता, न जोडता, प्रत्येक वायर मोजून वहीत लिहा. एअरबॅगच्या वायरी सोडून. सगळ्या वायरी न अडखळता ओळखता आल्या, की मग दुकानाचं भाडं विचारायला जा.